विश्वकिरणांचे वय कसे मोजतात?

तळहात उताणा करून क्षणभर स्थिर धरला, तर साधारणपणे दर सेकंदाला एक सूक्ष्म कण त्यातून आरपार निघून जातो. या कणाला म्युऑन म्हणतात. तो वरून येतो हे खरे. परंतु त्याचा जन्म आपल्याच डोक्यावरच्या हवेत, दहापंधरा किलोमीटर उंचीवर झालेला असतो. त्याचे जन्मदाते मात्र फार लांबचे. आकाशगंगेच्या विस्तीर्ण प्रदेशातून भटकत आलेले अतिवेगवान कण वातावरणातील नायट्रोजन व ऑक्सिजन यांच्या अणूंवर आदळतात आणि त्या फोडाफोडीतून म्युऑनांचा हा पाऊस पडतो. लांबून येणाऱ्या त्या मूळ कणांना आपण विश्वकिरण म्हणतो. नावात 'किरण' असला तरी हे प्रकाशासारखे किरण नव्हेत. इलेक्ट्रॉनांचे कवच पार उतरलेली ती उघडी अणुकेंद्रे होत. नाव पडले त्या काळी शास्त्रज्ञांना ते गॅमा किरणांसारखे वाटत होते. पुढे समजूत बदलली, नाव तेवढे राहिले. शंभरांत नव्वदाच्या जवळपास प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनची अणुकेंद्रे, नऊदहा हेलियमची, आणि उरलेल्या एखाद्या टक्क्यात कार्बनपासून लोखंडापर्यंत व त्याच्याही पुढची सारी मूलद्रव्ये. आम्ही येथे बोलणार आहोत ते या शेवटच्या टक्क्याबद्दल, आणि त्यातीलही एका अगदी लहान भागाबद्दल.

विश्वकिरण आणि फुगे यांचे नाते पहिल्यापासूनचे आहे. ऑस्ट्रियाचा व्हिक्टर हेस हा १९१२ सालच्या ऑगस्टच्या ७ तारखेला हायड्रोजनच्या फुग्यात बसून ५,३५० मीटर उंचीवर गेला. सोबत त्याची विद्युत्‌मापके होती. जमिनीतून निघणाऱ्या किरणोत्सर्गामुळे हवा विद्युद्भारित होते अशी त्या वेळची समजूत होती. तसे असते तर वर जाता जाता हा परिणाम कमी व्हायला हवा होता. प्रत्यक्षात तो वाढत गेला. तेव्हा हे काही तरी वरून येत आहे, हा निष्कर्ष त्याने काढला, आणि त्यासाठी १९३६ साली त्याला नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. पुढे माणसाने स्वतः वर जाण्याची गरज उरली नाही. उपकरणे पाठवली की पुरे. १९४८ साली अमेरिकेतील मिनेसोटा व रॉचेस्टर या विद्यापीठांच्या मंडळींनी फुग्यांतून विशेष जाड थराच्या छायाचित्रण काचा वर पाठवल्या, आणि त्या काचांवर उमटलेल्या जाड, काळ्या रेषांवरून विश्वकिरणांत जड अणुकेंद्रेही असतात हे प्रथम कळले. त्या मंडळींपैकी बर्नार्ड पीटर्स हे १९५१ साली मुंबईस, होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. अपोलो बंदरावर जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत त्या वेळी संस्थेचे बिऱ्हाड होते. या विषयाचा एक धागा असा आपल्या दाराशी येऊन पोचलेला आहे. त्याच्याकडे आपण पुन्हा वळू.

आता समस्थानिकांकडे. कोणत्याही मूलद्रव्याची ओळख त्याच्या केंद्रातील प्रोटॉनांच्या संख्येवरून ठरते. चार प्रोटॉन असले की ते बेरिलियम, मग न्यूट्रॉन किती का असेनात. तीन न्यूट्रॉन असतील तर बेरिलियम-७, पाच असतील तर बेरिलियम-९, सहा असतील तर बेरिलियम-१०. एका घरातील ही भावंडे. आडनाव एक, अंगकाठी निराळी. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ती सारखीच वागतात. म्हणून त्यांना वेगळे करावयाचे तर वजनाचाच आधार घ्यावा लागतो.

बेरिलियम हे तसे दुर्मिळ मूलद्रव्य. पाचूच्या खड्यात ते असते, एवढी ओळख बहुतेकांना पुरेशी होईल. ताऱ्यांच्या पोटात ते तयार होत नाही. उलट असलेले नष्ट होते. लिथियम आणि बोरॉन यांचीही तीच कथा. सूर्यमालेतील द्रव्यात या तिघांचे प्रमाण कार्बन-ऑक्सिजनच्या मानाने नगण्य आहे. परंतु विश्वकिरणांत पाहावे तो ही तिन्ही मूलद्रव्ये सूर्यमालेतील प्रमाणाच्या लक्षावधी पटींनी आढळतात! हे कोठून आले? उत्तर असे की ती वाटेत तयार झाली. ताऱ्यांच्या स्फोटांतून वेग मिळालेली कार्बनची व ऑक्सिजनची केंद्रे आकाशगंगेतून धावत असता तेथल्या विरळ हायड्रोजनवर आदळली, फुटली, आणि त्या तुकड्यांतून लिथियम, बेरिलियम व बोरॉन निपजले. बैलगाडीच्या चाकाला लागलेल्या चिखलावरून तिने किती ओढे ओलांडले याचा अदमास करावा, तसा या तुकड्यांच्या प्रमाणावरून शास्त्रज्ञांनी हिशेब केला. आमच्यापर्यंत पोचलेल्या केंद्रांनी वाटेत दर चौरस सेंटिमीटरला सरासरी पाच ते दहा ग्रॅम द्रव्य ओलांडले, असा तो हिशेब आहे. पाचदहा सेंटिमीटर खोल पाणी, एवढाच हा अडथळा. सारी आकाशगंगा हिंडून इतकेच द्रव्य भेटले!

परंतु चिखलावरून ओढे मोजता येतात, प्रवासाचे दिवस मोजता येत नाहीत. पाच ग्रॅम द्रव्य दाट ढगांतून थोड्या काळात ओलांडले, की विरळ प्रदेशातून दीर्घ काळ रेंगाळत, हे त्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी घड्याळ हवे. बेरिलियम-१० हे ते घड्याळ होय.

बेरिलियम-९ हे स्थिर आहे. ते कधी मरत नाही. बेरिलियम-१० किरणोत्सर्गी आहे. सुमारे १३ लक्ष ९० हजार वर्षांत त्यातील निम्मी केंद्रे बोरॉन-१० बनतात. दोघेही एकाच टकरीतून, ठराविक प्रमाणात जन्मतात, आणि ते प्रमाण त्वरकयंत्रांवर प्रयोग करून मोजता येते. एका पुडीत कापूर आणि तुरटी मापून बांधावी आणि पुडी प्रवाशाच्या हाती द्यावी. प्रवासी पोचल्यावर तुरटी तेवढीच असणार. कापूर किती उडाला त्यावरून तो किती दिवस वाटेत होता हे कळेल. येथे तुरटी म्हणजे बेरिलियम-९, कापूर म्हणजे बेरिलियम-१०. तिसरे भावंड बेरिलियम-७, त्याचे वागणे तर फारच मौजेचे. पृथ्वीवर त्याची निम्मी केंद्रे ५३ दिवसांत नाहीशी होतात. पण मरण्यासाठी त्याला स्वतःच्याच अणूतला एक इलेक्ट्रॉन गिळावा लागतो. विश्वकिरणांतील केंद्रांभोवती इलेक्ट्रॉनच नसतात. त्यामुळे धावत असेपर्यंत ते अमर असते.

टाटा संस्थेचा धागा तो येथे जुळतो. विश्वकिरण आपल्या हवेवर आदळतात तेव्हा तेथेही बेरिलियमचे हे समस्थानिक जन्मतात आणि पावसाबरोबर खाली येतात. १९५५ साली पीटर्स यांनी या बेरिलियमचा हिशेब मांडणारा निबंध लिहिला, आणि त्यांच्या बरोबरीने काम करणाऱ्या देवेंद्र लाल प्रभृती तरुणांनी ते पावसाच्या पाण्यात व नंतर समुद्रतळाच्या गाळात शोधून काढले. समुद्राचा गाळ किती वर्षांत किती साचतो हे मोजण्याची एक पद्धत त्यातून पुढे आली. गाळातले घड्याळ आणि आकाशगंगेतले घड्याळ यांचा काटा एकच आहे.

आकाशगंगेतले घड्याळ प्रथम वाचले गेले ते उपग्रहांवरून. १९७० नंतरच्या दशकात शिकागोच्या मंडळींनी, आणि पुढे १९९७ साली सोडलेल्या 'एस' या यानावरील उपकरणाने ते वाचले. यानावरच्या मापनावरून विश्वकिरणांचे आकाशगंगेतील वास्तव्य सुमारे दीड कोटी वर्षे निघते. आता हा आकडा पाहा. आकाशगंगेच्या तबकडीचा व्यास सुमारे एक लक्ष प्रकाशवर्षे. जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने जाणारा कण दीड कोटी वर्षे सरळ चालला असता तर तिच्या दीडशे फेऱ्या झाल्या असत्या. म्हणजे तो सरळ चालतच नाही. आकाशगंगेतील चुंबकीय क्षेत्रांत तो जत्रेत चुकलेल्या पोरासारखा इकडून तिकडे भटकत राहतो. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. इतकी वर्षे चालून इतकेच द्रव्य ओलांडले असेल, तर वाटेवर घनसेंटिमीटरला सरासरी एक-तृतीयांश अणू पडतो. तबकडीत तर सुमारे एक अणू असतो. तेव्हा हे कण बराच काळ तबकडीबाहेर, वरखाली पसरलेल्या विरळ प्रभामंडलात घालवत असले पाहिजेत. हे प्रभामंडल किती उंच आहे? येथेच आजचा खरा वाद आहे, आणि त्याचे धागेदोरे बरेच दूर जातात.

२००८ च्या सुमारास 'पामेला' या उपग्रहीय उपकरणाने, आणि २०१३ साली आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरील 'एएमएस' या मोठ्या चुंबकीय उपकरणाने दाखवून दिले की उच्च ऊर्जेच्या विश्वकिरणांत पॉझिट्रॉनांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त आहे. हे जादा पॉझिट्रॉन कोठून आले? कोणी म्हणतात स्पंदक ताऱ्यांपासून. कोणी म्हणतात अदृश्य द्रव्याच्या कणांच्या परस्परनाशातून. कोणी म्हणतात की विश्वकिरणांच्या वाटचालीबद्दलची आमची कल्पनाच चुकली आहे. निवाडा करावयाचा तर आधी ती वाटचाल नेमकी कळली पाहिजे. बोरॉन व कार्बन यांच्या प्रमाणावरून प्रभामंडलाची उंची आणि कणांच्या पसरण्याची गती या दोहोंचे गुणोत्तर तेवढे हाती लागते. उंच मंडलात झपाट्याने पसरणे आणि बुटक्या मंडलात सावकाश पसरणे यांचा निकाल सारखाच दिसतो. ही गाठ बेरिलियम-१० सोडवते. मात्र त्यासाठी घड्याळ अधिक ऊर्जेवर वाचावे लागते. आइन्स्टाइनच्या नियमानुसार वेगवान कणाचे घड्याळ सावकाश चालते. तीन अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट प्रति न्यूक्लिऑन इतक्या ऊर्जेला बेरिलियम-१० चे आयुष्य आपल्या दृष्टीने चौपटीहून थोडे अधिक वाढते. असे दीर्घायुषी केंद्र दूरच्या प्रभामंडलात जाऊन परत येऊ शकते आणि तेथली बातमी आणते.

यानावरचे उपकरण कणाला सिलिकॉनच्या चकत्यांत थांबवून तोलते. इतक्या ऊर्जेचा कण तसा थांबत नाही. त्याला चालता चालताच तोलावे लागते, आणि तेही अशा अचूकतेने की नऊ आणि दहा यांत घोटाळा होऊ नये. त्यासाठी तीन गोष्टी मोजतात.

पहिली विद्युद्भार. विशिष्ट प्लॅस्टिकच्या फळीतून कण गेला की चमक उठते, आणि तिची तीव्रता भाराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रोटॉनची चमक एक धरली तर त्याच वेगाच्या बेरिलियमची सोळा, बोरॉनची पंचवीस. हे काम त्या मानाने सोपे.

दुसरी वक्रता. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात भारित कणाची वाट वाकते. संवेग जितका जास्त तितकी कमी वाकते. यासाठी एक टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे वीस हजार पट, एवढे क्षेत्र मोठ्या पोकळीत हवे. साधा विद्युत्‌चुंबक त्यासाठी जेवढी वीज मागेल तेवढी आकाशात कोण देणार? म्हणून अतिसंवाहक तारेची वेटोळी वापरतात. ती द्रवरूप हेलियममध्ये, शून्याखाली २६९ अंशांवर बुडवून ठेवावी लागतात. हेलियम उकळून संपले की चुंबक संपला. उपकरणाच्या आयुष्याचे दिवस त्या पिंपात भरलेले असतात. वाट टिपण्यासाठी वायूने भरलेली पेटी असते. कणामागे सुटलेले इलेक्ट्रॉन तारांकडे वाहत येतात, आणि त्यांना लागलेल्या वेळेवरून कण कोठून गेला ते मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास कळते.

तिसरी गोष्ट वेग. आणि सारी मेख येथे आहे. वेग मोजण्यात जी चूक होईल ती वस्तुमानात जशीच्या तशी उतरत नाही. कणाची ऊर्जा त्याच्या स्थिर वस्तुमानाच्या ऊर्जेच्या जितकी पट, त्या पटीच्या वर्गाने गुणून उतरते. तीन अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टला ही पट सुमारे सव्वाचार, तिचा वर्ग अठरा. वेगात हजारांत एकाची चूक म्हणजे वस्तुमानात जवळजवळ दोन टक्क्यांची. नऊ आणि दहा यांतले अंतर दहा टक्के; आणि दहा नंबरचे भावंड संख्येने थोडे असल्यामुळे नऊच्या गर्दीचा पसारा त्याच्या अंगावर येता कामा नये. म्हणजे हजारांत एकाहून ढिले मोजमाप येथे चालतच नाही. कमी ऊर्जेच्या कणांसाठी वरच्या व खालच्या फळीतील वेळ मोजली की भागते. दोनसव्वादोन मीटरचे अंतर प्रकाश सातआठ नॅनोसेकंदांत तोडतो, आणि आजची घड्याळे यातली पन्नास पिकोसेकंदांची तफावत ओळखतात. एवढ्या वेळात प्रकाश दीड सेंटिमीटर जातो! अधिक ऊर्जेला मात्र चेरेनकॉव्ह प्रकाशाचा आश्रय करतात. पारदर्शक पदार्थात कण त्या पदार्थातील प्रकाशाच्या वेगाहून जलद गेला की निळसर प्रकाशाचा शंकू सोडतो. १९५६ साली तुर्भ्याला सुरू झालेल्या 'अप्सरा'सारख्या तळ्याच्या अणुभट्ट्यांत पाणी निळे दिसते ते याच कारणाने. शंकूचा कोन वेगावर अवलंबून असतो. एरोजेल नावाच्या, धुराची वडी थापावी तशा दिसणाऱ्या पदार्थाच्या फरशा यासाठी बसवतात. अशा फरशीचा वक्रीभवनांक १.१५ असेल तर दोन अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टला कोन साडेतेवीस अंशांच्या सुमारास आणि तीनला साडेसव्वीसच्या सुमारास येतो. सारा खेळ त्या तीन अंशांत. फरशीचा वक्रीभवनांक कोठे हजारांत एकाने चुकला, तर वेगही तेवढाच चुकणार. म्हणून एकेक फरशी आधी कोपऱ्याकोपऱ्यात तपासून तिचा नकाशा काढावा लागतो. आमच्या मते सबंध प्रयोगात खऱ्या चिकाटीचे काम ते हेच, आणि त्याचा बोलबाला सर्वांत कमी.

हे सारे धूड एकदोन टनांचे. ते फुग्याने उचलावयाचे. मोठ्यात मोठे फुगे पूर्ण फुगले म्हणजे दहा लक्ष घनमीटरांच्या घरात जातात, आणि त्यांचे पॉलिथिलीन असते अवघे वीस मायक्रॉन जाड. किराणा दुकानातली पिशवीही कधी कधी याहून जाड भरते. जमिनीवर त्यात हेलियमचा एक बुडबुडाच भरतात. बाकी फुगा लांबच लांब झोळासारखा लोंबत असतो. वर दाब कमी होईल तसा वायू पसरतो, आणि अडतीस किलोमीटरांवर जाईपर्यंत दोनअडीचशे पट होऊन फुगा गरगरीत होतो. सोडण्याच्या वेळी वारा जवळपास पडलेला असावा लागतो. त्या एका सकाळीसाठी मंडळी आठवडेच्या आठवडे आकाशाकडे डोळे लावून बसतात.

अडतीस किलोमीटरांवर डोक्यावर उरलेली हवा असते दर चौरस सेंटिमीटरला चार ग्रॅमच्या आसपास. जमिनीवर ती एक हजार तीस ग्रॅम असते. चार ग्रॅम म्हणजे काहीच नाही, असे कोणीही म्हणेल. पण आकाशगंगेत दीड कोटी वर्षांत कणाने ओलांडलेले द्रव्य पाचदहा ग्रॅमच होते, हे आठवावे. अखेरच्या क्षणी, उपकरणाच्या उंबऱ्यावर, जवळजवळ तेवढ्याच द्रव्याचा थर आडवा येतो! हायड्रोजनच्या मानाने हवेची जड केंद्रे ग्रॅममागे कमी फोडाफोड करतात, म्हणून निभावते. तरी या थरातही नवे बेरिलियम-१० जन्मतेच, आणि ते वजा करावे लागते. उंची दोन किलोमीटरांनी घसरली तर ही वजाबाकी आणखी मोठी होते.

फुगा सोडावयाचा कोठे, हाही प्रश्न आहे. टाटा संस्थेचे फुगे सोडण्याचे केंद्र हैदराबादला आहे, १९६९ पासून. तेथून हे का होत नाही? कारण पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र. विषुववृत्ताजवळ ते आडवे पडून कमी ऊर्जेच्या कणांना परतवून लावते. हैदराबादवर बेरिलियम-१० पोचावयाचे तर त्याची ऊर्जा प्रति न्यूक्लिऑन सहा अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या जवळपास तरी हवी. म्हणजे ज्या खिडकीतून पाहावयाचे तीच तेथे बंद. क्ष-किरण खगोलशास्त्राला ही बंद खिडकी वरदानासारखी, कारण विश्वकिरणांचा गोंधळ कमी होतो. आमच्या विषयाला ती अडचणीची. म्हणून ध्रुवांकडे जावयाचे. तेथे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, हा दुसरा लाभ. रात्र झाली की फुग्यातील वायू थंड होऊन आकसतो आणि फुगा खाली येतो. रात्रच नसेल तर तो दिवसेंदिवस एका उंचीवर तरंगत राहतो. दक्षिण ध्रुवखंडावर २०१२-१३ च्या उन्हाळ्यात 'सुपरटायगर' नावाचे उपकरण ५५ दिवस तरंगले. ते मूलद्रव्ये मोजणारे होते, आणि त्यात चुंबक नव्हता. हेलियम संपण्याची भीती नसली की एवढा लांब पल्ला गाठता येतो.

बेरिलियमखेरीज इतरही समस्थानिक बोलके आहेत. निऑन-२२ चे निऑन-२० शी प्रमाण विश्वकिरणांच्या उगमापाशी सूर्यमालेतील प्रमाणाच्या सुमारे पाचपट आहे, आणि त्यावरून प्रचंड ताऱ्यांच्या झंझावाती वाऱ्यांकडे बोट जाते. निकेल-५९ जवळजवळ नाहीच. त्यावरून द्रव्य घडल्यावर त्याला वेग मिळेपर्यंत एक लक्षाहून अधिक वर्षे गेली, असे निघते. 'एस' यानाने सतरा वर्षे वाट पाहून लोह-६० ची पंधरा केंद्रे टिपली आणि २०१६ साली ती जाहीर केली. पंधरा! पण लोह-६० चे अर्धायुष्य २६ लक्ष वर्षे. तेव्हा गेल्या काही दशलक्ष वर्षांत आपल्या आसपास तारा फुटला होता, एवढे त्या पंधरांनी सांगितले.

बेरिलियमचे उच्च ऊर्जेचे पहिले चांगले वाचन केले ते 'आयसोमॅक्स' या उपकरणाने. कॅनडातील लिन लेक गावाहून १९९८ च्या ऑगस्टमध्ये ते वर गेले आणि दिवसभराहूनही कमी काळ तरंगले. एक अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खाली बेरिलियम-१० व ९ यांचे प्रमाण सुमारे ०.२० निघाले, एकदोन अब्जांच्या दरम्यान सुमारे ०.३२. आकडा वाढला; कापूर कमी उडाला; आइन्स्टाइनच्या नियमाप्रमाणे वाढायला हवाच होता. परंतु दुसऱ्या आकड्यातील अनिश्चितता त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी होती. दर काही हजार प्रोटॉनांमागे बेरिलियमचे एखादे केंद्र, त्यातही दहा नंबरचे विरळा. तासांच्या हिशेबात ते किती हाती लागणार? एवढ्या ढिल्या मापाने प्रभामंडलाची उंची दहा हजार प्रकाशवर्षे की तीस हजार, हे ठरत नाही.

पुढची पायरी म्हणजे 'हेलिक्स'. जुन्या फुगाप्रयोगासाठी बांधलेला एक टेस्लाचा अतिसंवाहक चुंबक त्यांनी नव्याने उपयोगात आणला आणि भोवती वायूची पेटी, प्लॅस्टिकच्या फळ्या व एरोजेलच्या फरशा रचल्या. २८ मे २०२४ रोजी स्वीडनमधील किरुनाजवळच्या एसरेंज तळावरून तो फुगा सुटला. उन्हाळ्यात त्या उंचीवरचे वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात. त्यांच्याबरोबर सुमारे सहा दिवस उत्तर अटलांटिकवरून तरंगत जाऊन तो कॅनडाच्या अगदी उत्तरेस एल्समिअर बेटावर उतरला. आयसोमॅक्सच्या काही तासांच्या जागी हे सहा दिवस. आणि रोख तीन अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंतच्या मोजमापावर. एकेक कणाची वक्रता, त्याच्या प्रकाशाचे कडे आणि त्या क्षणी डोक्यावर असलेली हवा यांचा मेळ घालण्याचे काम त्यानंतर सुरू झाले.